कोपरा कापलेलं पाकीट

बारामतीत भिगवण चौकातून आत वळलं की अमजद आतारचं लग्नपत्रिकांचं दुकान लागतं. दुकान नवऱ्याचं, पण दुकानातली रद्दी बायकोची. हा करार लग्नानंतर पहिल्याच वर्षी झाला आणि अमजदने तो आजवर मोडलेला नाही. छपाईत बिघडलेले कागद, सोनेरी ठसा तिरका बसलेली पाकिटं, चमकत्या पुठ्ठ्याची कातरण, सुटे गोंडे, नवरदेवाचं आडनाव चुकलेल्या पत्रिका, सगळं एका खोक्यात पडतं आणि शनिवारी ते खोकं वरच्या मजल्यावर सुरैय्याकडे येतं. गणपती छापलेला तेवढा भाग अमजद आधीच कापून वेगळ्या पिशवीत ठेवतो आणि वर्षातून एकदा कालव्यात सोडून येतो. दुसऱ्याचा देव असला म्हणून काय झालं, पायाखाली यायला नको, असं त्याचं म्हणणं.

बिघडलेला माल चांगल्यात मिसळू नये म्हणून दुकानात एक साधी पद्धत आहे. बिघडलेल्या गठ्ठ्याचा खालचा डावा कोपरा कटरने उडवायचा. कोपरा गेला की तो कागद गिऱ्हाइकाचा नाही, सुरैय्याचा. तेवीस वर्षं ती कोपरा नसलेलेच कागद हाताळत आली होती. आता चारी कोपरे शाबूत असलेला कागद दिसला, की तो कुणा दुसऱ्याचा आहे असं तिला वाटायचं आणि ती हात मागे घ्यायची.

या रद्दीतून सुरैय्या पत्रं करायची. पत्रं लिहायची असं म्हणत नाही, कारण लिहिणं त्यात सगळ्यात कमी असायचं. पाकीट स्वतः घडी घालून केलेलं, त्यावर कातरलेली वेल, आत उघडलं की उभं राहणारं काहीतरी, कधी मोर, कधी सायकल, कधी नुसता पायऱ्यांचा जिना. मधे कुठंतरी चार ओळी. आणि हे सगळं एकाच बाईसाठी, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या संजीवनीसाठी. दोघी कळंबच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या. सुरैय्याच्या वडलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नं झाली, एक बारामतीला आली, एक निरवांगीला गेली, तेव्हा दोघींनी ठरवलं की पत्र पाठवायचं तर हाताने केलेलं पाठवायचं, नाहीतर पाठवायचंच नाही.

संजीवनीकडे सोनेरी पुठ्ठा कुठला असायला? तिच्याकडे पेरूची बाग. ती डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात कागद बुडवून पिवळा करायची, पेरूला घालायच्या फोमच्या जाळीची फुलं करायची, बाजरीचं पान दाबून वाळवून त्याचा पक्षी चिकटवायची. सुरैय्याची पत्रं नटलेली, संजीवनीची घरंदाज. पण एक होतं. संजीवनी लिहायची जास्त, आणि लिहायची अशी की वाचणाऱ्याला घरात बसल्यासारखं वाटावं. घात झाला तो तिथंच.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. संजीवनीचं एक सुंदर पत्र आलं. सुरैय्याच्या मुलीने, मुबशिराने, ते उघडतानाचा व्हिडिओ काढला आणि मोबाइलवरून इंटरनेटवर टाकला. वर बाजरीचा पक्षी, खाली फोमची फुलं, संजीवनीचं नाव-गाव, आणि मधोमध स्वच्छ वळणदार अक्षरांत संजीवनीचा मजकूर: ‘आत्याबाईंनी आता तुपाच्या डब्याला कुलूप लावलंय आणि किल्ली कनवटीला. झोपेत कूस बदलली की किल्ली वाजते, त्यावरून आम्हाला कळतं म्हातारी अजून आहे.’ चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. चाळीस हजारांत निरवांगीचा एखादा निघणारच. तो निघाला. आठवड्याच्या आत तो व्हिडिओ गावच्या दूध डेरीवर फिरला आणि छबूबाई, म्हणजे संजीवनीच्या सासूबाई, दुधाची किटली घेऊन आल्या की पोरं विचारायला लागली, ‘आज्जे, किल्ली वाजीव की!’

संजीवनीने फोन केला तेव्हा ती रडत होती. त्या वेळी सुरैय्याने ‘चुकलं’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण ती हसत म्हणाली, “अगं, येवढं काय त्यात? चाळीस हजार लोकांना आवडलं!” मग संजीवनी म्हणाली, “तुझ्या चाळीस हजारांत मला धरू नगंस.” फोन तुटला. मुबशिराने व्हिडिओ काढून टाकला, पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती म्हणतात तसंच ते झालं. सुरैय्याने दोनदा फोन लावला. संजीवनीने आवाज ऐकला आणि ठेवून दिला. मग सुरैय्यालाही अहंकार आला. एवढं काय मारलंय मी, असं ती मुबशिराला म्हणायची, आणि मुबशिरा खाली मान घालून उठून जायची.

असे सोळा महिने गेले. शनिवारी खोकं वर यायचं आणि तसंच पडून राहायचं. अमजदने एकदा विचारलं, भंगारवाल्याला देऊ का? तेव्हा सुरैय्याला पहिल्यांदा नीट कळलं की सोनेरी कागद, गोंडे, मोर, वेली या सगळ्याला जी किंमत होती ती निरवांगीत बसलेल्या एका बाईमुळे होती. ती नसेल तर हा नुसता कचरा. आणि ती परत मिळाली नाही, तर या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची? नवी माणसं मिळतात, पण बाकावर शेजारी बसलेली मिळत नाहीत. ती नवऱ्याला म्हणाली, “देऊ नका. मला एक पत्र करायचंय.”

त्या पत्रावर ती महिनाभर बसली. रोज दुपारी, जेवणं उरकली की. आत पेरूचं झाड करायचं असं ठरलं होतं. हिरव्या पत्रिकांच्या पट्ट्या कापून पानं, तपकिरी पुठ्ठ्याचं खोड, आणि पान उघडलं की झाड ताठ उभं राहायला हवं. सात झाडं पडली. आठवं उभं राहिलं. झाडाखाली एक बाक, बाकावर वेणीवाल्या दोन पोरी, एकीची रिबीन सुटलेली. झाडाच्या मागे घडीघडीची चार पानं, आणि त्या चार पानांत सुरैय्याने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून माफी मागितली. मी हसायला नको होतं. तुला घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. तुझ्यावाचून मला करमत नाही. तिसऱ्या पानावर तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली पडलं, ते तिने पुसलं नाही. दिसू दे, म्हणाली.

झाड मोठं झाल्यामुळे नेहमीचं हाताने घडी केलेलं पाकीट पुरेना. खोक्यात पिस्ता रंगाचं एक जाड, लांबरुंद पाकीट होतं, ठसा तिरका बसल्यामुळे बाद झालेलं. तिने तिरक्या ठशावर कागदी कमळ बसवलं. खालचा डावा कोपरा उडवलेलाच होता, तिथून आतलं बाहेर येऊ नये म्हणून आतल्या बाजूने सोनेरी कागदाचा तुकडा लावला. पाकीट हातात धरून लांबून पाहिलं. छान दिसत होतं. मुबशिरानेही पाहिलं आणि कोपऱ्यातलं सोनं भारी दिसतंय म्हणाली. पोरगी वीस वर्षांची, तिने जन्मात पोस्टाने आलेलं कुणाचं बरंवाईट पाहिलेलं नाही. तिला काय कळणार?

स्पीड पोस्टाने पाठवलं असतं तर सही घेतली असती, आणि नाव बघून संजीवनीने सही केलीच नसती तर? म्हणून सुरैय्याने साध्या टपालाने पाठवलं, वर तिकिटांची रांग लावून. मागच्या बाजूला आपलं नाव-पत्ता ठळक लिहिला. नाव बघून फाडायचं असेल तर फाडू दे, पण फसवून उघडायला लावायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता.

पाच दिवस ती फोनकडे बघत राहिली. सहाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास दार वाजलं. सुरैय्याने दार उघडलं. दारात संजीवनी उभी होती. अंगावर शेतात नेसायचं विटकं लुगडं, केस नीट न विंचरलेले, डोळे सुजून लाल, एका हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं, दुसऱ्या हातात डबा. ती सुरैय्याकडे अशी बघत राहिली की सुरैय्याने स्वतःच्याच अंगाकडे एकदा बघून घेतलं.

“कोन गेलं?” संजीवनीने विचारलं.

“कुठं गेलं?”

“अमजदभाई?”

“खाली दुकानात हायत. आत्ताच च्या पिऊन गेले.”

“पोरगी?”

“क्लासला गेलीया.”

“मग… तू?”

“मी हितंच हाय की, संजे. काय झालंय काय तुला?”

संजीवनी मटकन उंबऱ्यावरच बसली. गाठोडं मांडीत घेतलं आणि मोठ्याने रडायला लागली, शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावेपर्यंत. सुरैय्याला काही उमगेना. सतरा महिन्यांनी ही समोर आलीय, आनंद व्हायला हवा, तो झालाही होता, पण ती रडतेय कशाला हे कळत नव्हतं. ती खाली बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. संजीवनीने तो हात झटकून टाकला आणि तोच हात पुन्हा घट्ट धरला.

“कोपरा कापून पत्र धाडतंय का गं कुनी जित्या घरातनं?” ती म्हणाली.

“कोपरा?” असं म्हणता म्हणताच सुरैय्याला वडलांचं दुकान आठवलं.

कळंबला सायकलच्या दुकानात असं कार्ड आलं की तिचे वडील ते दारातच उभ्याने वाचायचे, लगेच फाडायचे, आणि मग हात धुऊन आत यायचे. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची बातमी. घरात न्यायचं नाही, ठेवायचं नाही. हे तिला ठाऊक होतं, तिच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेवीस वर्षं दुकानातल्या कापलेल्या कोपऱ्यांत राहून तिच्या डोळ्यांवरून ते पुसून गेलं होतं. साऱ्या तालुक्याला जे दिसलं असतं ते तिला एकटीला दिसलं नाही. हाताला धरून कुणी दाखवायचीही गरज नव्हती, इतकं ते ढळढळीत होतं.

“मी बागंत व्हते,” संजीवनी सांगू लागली. “पेरूला जाळ्या घालत. घरी आत्याबाई येकट्या. पोस्टमननं पत्र हातात दिलं, बारामतीच्या आतारांचं हाय म्हनला, आन् गेला फटफटीवर. त्यास्नी वाचाया येत न्हाय. पर कोपरा दिसला. घरात कोन न्हाय वाचाया, आन् तसलं पत्र दारात तरी किती येळ धरायचं? चार तुकडं केलं, पाटात सोडून दिलं, गार पान्यानं डोक्यावरनं आंघुळ केली. मी आले तर वल्ल्या केसानं चुलीम्होरं बसून भाकरी थापाय लागलेल्या. म्हनल्या, ‘सुरैय्याच्या घरात कोन तरी गेलं. मयताच्या घरी चूल पेटत नसती. ह्या घे आन् नीघ. भांडान जितेपनाचं आसतंय, मरनाला भांडान नसतंय.’”

“फोन करायचा व्हतास…”

“नंबर कुठं हाय? पुसला की मी. पत्ता मातूर पाठ हाय. तेवीस वर्सं लिव्हलाय.” तिने पदराने नाक पुसलं. “कळंबपतूर रडत आले. कळंबापासनं हितंवर तुला शिव्या देत आले. म्हनलं, मरायच्या आदी येक फोन करायचा व्हता सटवीनं. मग म्हनलं, केला आसता तर मी उचालला आसता का? तुला जिती बघून लई बरं वाटलं, सुरे. आन् लई रागबी आला.”

दोघी आत आल्या. सुरैय्याने पाणी दिलं. संजीवनीने तांब्या रिकामा केला आणि जमिनीवर पडलेल्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहिलं.

“काय व्हतं त्या पाकिटात?”

“पेरूचं झाड.”

“कसलं?”

“कागदाचं. उघडलं की उभं ऱ्हायचं. महिना लागला.”

“बाई गं,” संजीवनी म्हणाली, “आमच्यात नऊशे हायत. समदी उभीच हायत.”

सुरैय्याला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. संजीवनी तिच्याकडे बघत होती. “आन् लिव्हलं काय व्हतंस?”

चार पानं लिहिताना हात थांबला नव्हता, आता तोंड उघडेना. शेवटी ती भिंतीकडे बघत म्हणाली, “चुकलं माझं.”

“येवढंच?”

“चार पानं व्हती.”

“चार पानांत काय?”

“हेच.”

संजीवनीने मान हलवली. “हे फोनवर म्हनली आसतीस तर दोन मिन्टं लागली आसती. कागुद कातरून कातरून तुझी अक्कलबी कातरली गेलीया.” पण ते बोलताना तिने सुरैय्याच्या कपाळावर आलेले केस मागे सारले. भांडण मिटलं होतं. सुरैय्याला इतकं हलकं वाटलं की तिने उठून चहा टाकला, साखर दोनदा घातली.

चहाला आधण यायच्या आत संजीवनीचा फोन वाजला. घरून छबूबाई बोलत होत्या. म्हातारी फोनवर ओरडून बोलायची, कानाला सोसायचं नाही म्हणून संजीवनी स्पीकर लावून बोलायची.

“पोचलीस का? कोन गेलं गं?”

“कोन न्हाय, आत्याबाई. समदी जिती हायत. दुकानात बिघडल्याला कागुद कोपरा कापून ठेवत्यात. तसल्याच पाकिटातनं पत्र धाडलं हिनं, येड्यावानी.”

छबूबाईंनी हिशेब काढला. “मंजी मी गार पान्यानं आंघुळ केली ती फुकाट?”

“व्हय.”

“आन् अकरा भाकरी?”

“त्याबी. आता त्याचं काय करू? मयताच्या म्हनून केल्याल्या, खायाच्या का न्हाय?”

“खावा की. पिठाला काय कळतंय कुनासाठी मळलं.” मग आवाज जरा बदलला. “हाय का ती तितं? दे तिला.”

सुरैय्याने ओले हात ओढणीला पुसले. “आत्या, मी सुरैय्या.”

“जिती हाईस न्हवं? बरं झालं. पत्रात काय लिव्हलं व्हतंस?”

“माफी मागितली व्हती, आत्या.”

“कुनाची?”

“संजीवनीची.”

“आन् माझी?”

समोर बसलेली संजीवनी डोळे मोठे करून मान हलवत होती, व्हय म्हण, व्हय म्हण. म्हणायला काय जात होतं? पत्राचे चार तुकडे पाटाच्या पाण्याने कधीच वाहून गेले होते. आत काय होतं हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. एका होकाराने म्हातारी खूश झाली असती, संजीवनीच्या घरात शांतता झाली असती, आणि खोटं कधी उघडं पडलं नसतं. पण सुरैय्याला ती चार पानं ओळीन् ओळ आठवली. त्यांत ती स्वतः होती, तिचं रडणं होतं, संजीवनी होती, शाळा होती, बाक होता. चेष्टा ज्या बाईची झाली होती, डेरीवर पोरं जिला हसली होती, तिचा त्या चार पानांत उल्लेखच नव्हता. लिहिताना महिनाभरात एकदाही ती डोळ्यांसमोर आली नव्हती. सुरैय्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

“न्हाय, आत्या,” ती म्हणाली. “तुमचं नावच न्हवतं त्यात.”

संजीवनीने कपाळावर हात मारला.

“मग फाडलं ते बरंच झालं,” छबूबाई म्हणाल्या. “दीड वरीस व्हत आलं. मी डेरीवर जात न्हाय. दूध पोरगा नेतो. तू खरं बोललीस, ते ऱ्हाऊ दे.”

“आत्या, मी येते. उद्याच्या गाडीनं येते, तुमच्या पायावर डोकं ठेवते.”

“येऊ नगंस. तू येशील, च्या पिशील, जाशील. गावाला काय कळायचं त्यातलं? मला पत्र धाड.”

“धाडते.”

“माझ्या नावाचं. वर छबूबाई म्हनून लिव्ह, हिचं नाव नगं. आन् साधं नगं मला. हिला धाडतीस तसलं धाड, फुलं, सोनं, गोंडं, काय आसंल ते लाव. पोस्टमन सकाळी डेरीम्होरं थांबतो. तितं जाऊन समद्यांच्या म्होरं घ्यायचंय मला. बघू दे की पोरास्नी म्हातारीला काय आलंय ते.”

“लावते, आत्या. सगळं लावते.”

“आन् बिगी बिगी लाव. महिनाभर बसू नगंस. चौऱ्याहत्तर वर्सं झाली मला. आय गेली तवा पत्र आलं. थोरला भाऊ गेला तवा आलं. बहीन गेली तवा आलं. माझ्या हातात आली ती समदी तसलीच. येक तरी जित्या मानसाचं येऊ दे.”

सुरैय्याने नुसतीच मान हलवली, जणू म्हातारीला ती फोनमधून दिसत होती. शेवटी संजीवनीनेच फोन तोंडाजवळ ओढला.

“धाडती म्हनती, आत्याबाई,” ती म्हणाली. “मान हलिवती हितं. धाडती.”